सायला किड्यावरचा रिसर्च पेपर आणि नागपूरच्या बर्डीचं पेपर-फॉरमॅटिंगचं दुकान: माझा रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन. फॉरमॅटिंगला पूर्ण पाच, फोटोला दोन, आणि जे काम त्यांनी करायलाच नको तेही करून राहिले म्हणून बाकीचे कापले.

दुकान महाराजबागेकडून बर्डीकडे येताना आतल्या गल्लीत आहे. अ‍ॅग्री कॉलेजच्या पोरांना पत्ता सांगायची गरजच नाही, सगळ्यांच्या थिसिसचं बायंडिंग तिथंच होते. आधी झेरॉक्स, टायपिंग, बायंडिंग एवढंच होतं, आता बाहेर नवीन बोर्ड लागला आहे, रिसर्च पेपर वर्क, ऑल जर्नल. नाव मुद्दाम लिहीत नाही, काहून की खाली थोडं वाईट पण लिहिणार आहे आणि तसं पाहिलं तर असली दुकानं नागपुरात गल्लोगल्ली झाली आहेत, त्यामुळे हा रिव्ह्यू एका दुकानाचा कमी आणि या सर्व्हिसचा जास्त समजा. एंटोमॉलॉजीवाल्यांना, म्हणजे कीटकशास्त्रवाल्यांना, जास्त कामाचा आहे, कारण किड्यांच्या जर्नलचे नखरे वेगळे असतात आणि ते या लोकांना अजून कळलेले नाहीत.

माझं काम काय होतं ते थोडक्यात. संत्र्यावरच्या सायलाचा पेपर, डायफोरिना सिट्री. काटोलकडच्या बागांमध्ये आंबिया आणि मृग दोन्ही बहारात नवतीवर (नव्या पालवीवर) किती पिल्लं, किती प्रौढ याची मोजणी, आणि सोबत लॅबमध्ये किती औषधाला किती किडे मरतात ते पाहायचा दोन-तीन कीटकनाशकांचा बायोअ‍ॅसे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सायला म्हणजे तीन-चार मिलिमीटरचा किडा, कोवळ्या पालवीवर अंडी घालतो, पिल्लांच्या पाच अवस्था होतात, रस शोषतो ते वेगळंच पण खरा त्रास म्हणजे ग्रीनिंग या झाडाच्या रोगाचा जिवाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. जर्नल बाहेरच्या देशातल्या कीटकशास्त्र सोसायटीचं होतं. आमच्या सरांचं म्हणणं होतं की आपलं इंडियन जर्नल ऑफ एंटोमॉलॉजी काय वाईट आहे, १९३९ पासून निघून राहिलं आहे, पण बायोअ‍ॅसेचा भाग होता म्हणून मग बाहेर पाठवायचं ठरलं.

आता पहिले चांगलं सांगते, कारण चांगलं खरंच चांगलं आहे.

दुकानवाले भाऊ स्वतः बसतात. त्यांना सायला कशाशी खातात ते माहीत नाही, पण वर्डमध्ये त्यांचा हात धरणारा मी तरी पाहिला नाही. जर्नलची गाइडलाइन म्हणजे ते ऑथर गाइडलाइन्सचं लांबलचक पान, आपण ते कधी पूर्ण वाचत नाही, भाऊंनी प्रिंट काढली आणि पेन घेऊन टिक करत बसले. डबल स्पेसिंग, लाइन नंबर पूर्ण पेपरभर सलग, म्हणजे प्रत्येक पानावर परत एकपासून सुरू नाही, टेबल शेवटी वेगळ्या पानावर आणि खरंखुरं टेबल, चित्र म्हणून चिकटवलेलं नाही, टेबलात उभ्या रेघा नाहीत, टायटल पेज वेगळी फाइल. हे सगळं त्यांनी माझ्या समोर एका बैठकीत केलं, मे महिना, बाहेर ऊन असं की रस्ता रिकामा, आणि आत तो मोठा कूलर ज्याच्या हवेनं काउंटरवरचे सगळे कागद उडून राहिले होते, भाऊंनी प्रत्येक गठ्ठ्यावर स्टेपलर नाहीतर पंचिंग मशीन ठेवलेलं.

सगळ्यात भारी काम रेफरन्सचं. माझी फाइल तीन जणांच्या हातातून गेलेली, कोणी झोटेरो या रेफरन्स सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलेलं, कोणी हातानं टाइप केलेलं. भाऊंनी सगळं परत झोटेरोत घेतलं, जर्नलची स्टाइल लावली, आणि मग जे केलं ते कोणी करत नाही, मजकुरातला एक-एक सायटेशन आणि यादीतला एक-एक रेफरन्स जोडीनं जुळवला. मजकुरात आहे पण यादीत नाही, यादीत आहे पण मजकुरात नाही, मजकुरात वर्ष एक आणि यादीत दुसरं, अशी सगळी पिवळी खूण करून दिली आणि म्हणाले, "मॅडम, हे तुमचं तुम्ही पाहा, मी अंदाजानं नाही करत." हे वाक्य मला फार आवडलं. काही दुकानांत अंदाजानंच करतात आणि मग कोणत्या तरी भलत्याच पेपरचा डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन नंबर) आपल्या नावावर येऊन बसते.

पैसे पण रास्त. फॉरमॅटिंग, रेफरन्स, लाइन नंबर, टेबल असं सगळं मिळून बाहेर शब्दावर मोजून डॉलरमध्ये घेतात त्याच्या मानानं काहीच नाही. बिल मागितलं तर बिल देतात, ऑफिसात लावायला चालते.

इथून पुढं मामला बिघडतो.

पहिली गोष्ट म्हणजे म्यू, µ हे चिन्ह. तुम्ही वर्डमध्ये मायक्रोलिटरचा म्यू कसा टाकता ते एकदा पाहून घ्या. जुन्या फाइलींमध्ये बऱ्याच वेळा तो सिम्बॉल नावाच्या फॉन्टमधला इंग्रजी एम असतो, दिसते म्यू पण आतून एम. दुकानात फाइल गेली की पहिलं काम काय, सगळं सिलेक्ट करून टाइम्स न्यू रोमन. झालं, सिम्बॉल फॉन्ट गेला आणि म्यू लिटरचं मिलिलिटर झालं. माझ्या मेथड्समध्ये प्रत्येक सायलाच्या पाठीवर ०.२ मायक्रोलिटर औषध टाकलं असं होतं ते ०.२ मिलिलिटर होऊन आलं, म्हणजे डोस हजारपट. तीन मिलिमीटरच्या किड्यावर ०.२ मिलिलिटर म्हणजे त्याला मारायला कीटकनाशकाची गरजच नाही, तो बुडूनच मरते. मी प्रिंटवर पाहिलं म्हणून सापडलं, स्क्रीनवर पटकन दिसलं पण नसतं. भाऊंना दाखवलं तर ते म्हणाले, "अरे बाप्पा, हे तर आधीपासून असंच होत असेल मग." हो न भाऊ, असंच होत असेल, आणि किती थिसिस तसेच बायंड झाले असतील देव जाणे. त्यांनी लगेच दुरुस्त केलं, आणि वरतून एका कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलं की फॉन्ट बदलायच्या आधी म्यू, अल्फा, डिग्री बघणे. म्हणून त्यांच्यावर राग नाही.

दुसरी गोष्ट, तिरपी अक्षरं. किड्यांच्या पेपरमध्ये कुठं इटॅलिक आणि कुठं सरळ याचे नियम आहेत आणि ते शोभेसाठी नाहीत. दुकानाचा नियम साधा, लॅटिन दिसलं की तिरपं. त्यामुळे डायफोरिना सिट्री तिरपं झालं, ते बरोबर, पण पुढचं कुवायामा पण तिरपं झालं, ते माणसाचं आडनाव आहे, ज्यानं १९०८ मध्ये किड्याचं वर्णन केलं त्याचं. ग्रीनिंगच्या जिवाणूच्या नावात तर उलटी गंमत, तिथं फक्त कॅन्डिडेटस एवढा शब्द तिरपा पाहिजे आणि पुढचं लिबेरिबॅक्टर एशियाटिकस सरळ, दुकानातून पूर्ण तिरपं होऊन आलं. फॅमिलीचं नाव सिलिडी, ते पण तिरपं.

आणि कंस. हा मुद्दा जरा नीट सांगते कारण याच्यावर आमच्या डिपार्टमेंटमध्ये पण भांडणं होतात. भाऊंना वाटलं की पेपर एकसारखा दिसला पाहिजे, म्हणून त्यांनी सगळ्या किड्यांच्या पुढच्या आडनावांना कंस टाकून दिले. पण कंस म्हणजे सजावट नाही. ज्यानं पहिले वर्णन केलं त्यानं किडा ज्या जीनसमध्ये (नावातला पहिला शब्द) ठेवला होता तो आज पण त्याच जीनसमध्ये असेल तर नाव बिनकंसाचं, आणि नंतर कोणी उचलून दुसऱ्या जीनसमध्ये टाकला असेल तर कंसात. म्हणून डायफोरिना सिट्री कुवायामा असं बिनकंसाचं. पण त्याच सायलाच्या पिल्लावर जगणारा तो छोटासा परजीवी, टॅमारिक्सिया रेडिएटा (वॉटर्स्टन), त्याला कंस पाहिजे, कारण वॉटर्स्टननं १९२२ मध्ये त्याला टेट्रास्टिकस म्हटलं होतं. आपल्याकडची हरभऱ्यावरची घाटे अळी, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, तिच्या ह्युबनरला कंस, कपाशीवरच्या पांढऱ्या माशीच्या गेनाडियसला कंस, आणि संत्र्यावरची कोळशी जिच्यामुळे येते त्या काळ्या माशीच्या अ‍ॅश्बीला नाही. एका कंसात सगळा इतिहास असतो, आणि कीटकशास्त्राच्या जर्नलचा संपादक तो कंस आधी पाहते, तुमचा निष्कर्ष नंतर. दुकानदाराला हे माहीत असावं अशी माझी अपेक्षा नाही, पण मग त्यानं हात लावू नये.

फोटो. इथं दोन स्टार पण मन मोठं करून दिले आहेत. जर्नलला फोटो ३०० डीपीआयचे टिफ पाहिजे होते, ते भाऊंनी करून दिले, रेषांच्या आलेखाला जास्त रिझोल्यूशन लागते ते पण त्यांना माहीत होतं, छान. पण फोटोची प्लेट बनवताना चार फोटो एका चौकटीत नीट बसावे म्हणून एक फोटो आडवा ओढला. आता सायला पाहिलेल्या माणसाला माहीत आहे की तो बसतो कसा, डोकं पानाला टेकलेलं आणि मागचा भाग वर उचललेला, साधारण ४५ अंशात, लांबून पण ओळखू येते. ओढलेल्या फोटोत तो किडा चपटा होऊन आडवा झोपलेला. म्हणजे ज्या एका सवयीवरून शेतकरी त्याला ओळखते तीच गेली. वर स्केल बार (माप दाखवणारी रेघ) पण फोटोसोबत लांब झाला, आणि आडव्या मापात बरोबर, उभ्यात चूक असं काहीतरी विचित्र तयार झालं. मी म्हटलं भाऊ, फोटोचा कोपरा धरून ओढायचा, बाजू धरून नाही. ते म्हणाले, "मॅडम, दिसाले तर चांगलं दिसून राहिलं न." दिसाले चांगलं दिसून राहिलं हे खरं आहे.

एक्सेलचं पण एक सांगते, हे दुकानाची चूक नाही, एक्सेलची आहे, पण दुकानात फाइल देताना पाहून घ्या. पिल्लांची दुसरी ते तिसरी अवस्था म्हणून मुलं कॉलममध्ये २-३ टाकतात आणि एक्सेल त्याची तारीख करून टाकते. आलेखाच्या खाली दुसरी-तिसरी अवस्था च्या जागी मार्च महिना येतो. आधी कॉलम टेक्स्ट करून घ्या.

आता ज्यासाठी मी खरं तर हा रिव्ह्यू लिहून राहिली आहे ते. आतल्या टेबलवर एक मुलगा बसतो, त्याच्याकडे स्टॅटिस्टिक्सचं काम. हुशार आहे, एसपीएसएस पटापट चालवते, पण त्याला कोणता पण डेटा द्या तो तुम्हाला एनोव्हा (गटांच्या सरासरींची तुलना) करून, डंकनची टेस्ट लावून, आकड्यांवर ए, बी, सी अक्षरं टाकून देणार. पीची किंमत (फरक खरा की योगायोग हे ठरवायचा आकडा) ०.००० अशी छापून देणार, काहून की सॉफ्टवेअरमध्ये तशी दिसते. ती शून्य नसते हो, तीन दशांशांच्या पलीकडे आहे एवढंच, तिथं पी ०.००१ पेक्षा कमी असं लिहायचं असते, आणि एवढ्या एका गोष्टीवरून समोरचा रिव्ह्यूअर समजून जाते की हे कुठून करून आणलं आहे.

माझा डेटा काय होता, काही ठरावीक झाडं आणि त्याच झाडांवर दर आठवड्याला मोजणी. त्या मुलानं प्रत्येक आठवड्याची प्रत्येक मोजणी वेगळं रेप्लिकेशन धरली, म्हणजे एन (नमुन्यांची संख्या) एकदम शेकड्यात, सगळं सिग्निफिकंट, पाहून कोणालाही आनंद होईल. पण एकाच झाडाला वीस वेळा मोजलं म्हणून वीस झाडं होत नाहीत. याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात आणि हर्लबर्टनं १९८४ मध्ये हे इतकं ठणकावून सांगून ठेवलं आहे की त्यानंतर इकॉलॉजीच्या जर्नलमध्ये कोणी ही सवलत सहज देत नाही. शिवाय किड्यांची मोजणी म्हणजे पूर्णांक, अर्ध्या फांद्यांवर शून्य आणि एखाद्या फांदीवर एकदम ऐंशी, असा डेटा नॉर्मल नसतोच, त्याला पॉयसन नाहीतर निगेटिव्ह बायनॉमियलवालं मॉडेल आणि झाड हे रँडम इफेक्ट म्हणून टाकावं लागते. टक्केवारीला आर्कसाइन लावून चालवून घ्यायचे दिवस पण आता जाऊन राहिले, रिव्ह्यूअर लगेच विचारते की बायनॉमियल काहून नाही केलं. हे मी त्याला समजावून सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, सगळ्यांचं असंच करून देतो, सगळ्यांचे पेपर लागले." लागले असतील, कुठं लागले ते विचारायचं राहिलं.

बायोअ‍ॅसेला मात्र त्याचं प्रोबिट बरोबर होतं, ते मान्य करते. एलसी ५० (ज्या तीव्रतेला अर्धे किडे मरतात ती), त्याच्या दोन्ही बाजूच्या मर्यादा, स्लोप, काय-स्क्वेअर, सगळं टेबलात. फक्त कंट्रोलमध्ये जे किडे आपोआप मेले त्यांची दुरुस्ती केली नव्हती. अ‍ॅबटचं सूत्र १९२५ पासून आहे, म्हणजे शंभर वर्षं झाली, साधं वजाबाकी-भागाकाराचं आहे, औषधाच्या मृत्यूमधून कंट्रोलचा मृत्यू वजा करायचा आणि शंभर वजा कंट्रोलनं भागायचं. ते सांगितल्यावर त्यानं पाच मिनिटांत करून दिलं. म्हणजे माणूस वाईट नाही, त्याला प्रश्न कोणी विचारत नाही एवढंच.

माझं स्पष्ट मत, स्टॅटिस्टिक्स दुकानात देऊ नका. फेटा बांधणारा फेटा छान बांधून देईल, बोहल्यावर नवरदेवालाच उभं राहावं लागते. रिव्ह्यूअर जेव्हा विचारते की हे मॉडेल काहून निवडलं तेव्हा दुकानाच्या काउंटरवर जाऊन उत्तर आणता येत नाही.

तिथंच आत एक प्लॅगिअरिझम (दुसऱ्याचा उचललेला मजकूर) काढून देणारं पॅकेज पण आहे. सिमिलॅरिटी जास्त आली तर मजकूर कोणत्या तरी सॉफ्टवेअरमधून फिरवून आणतात. एका ज्युनिअरचा नमुना पाहिला, लीफ डिप पद्धतीचं फॉलिएज प्लंज झालं होतं आणि नॅचरल एनिमीजचं ऑर्गॅनिक फोज. वाचून आम्ही हसलो पण ती बिचारी रडायला आली होती, गाइडनं फाइल परत फेकली होती. मेथड्समध्ये थोडी सिमिलॅरिटी येणारच, मिलिलिटरचं काय नवीन वाक्य बनवणार, संपादकाला ते कळते. आणि बऱ्याच जर्नलमध्ये आता एआय वापरलं का, कशासाठी वापरलं हे सबमिशनच्या वेळी लिहून द्यावं लागते, तर असल्या फिरवाफिरवीवर सही तुमची असते, दुकानाची नाही.

बाहेरच्या बोर्डवर खाली लहान अक्षरात स्कोपस, यूजीसी केअर, शंभर टक्के गॅरंटी असं लिहिलेलं आहे. केअरची, म्हणजे मान्य जर्नलची, यादी यूजीसीनं २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली, बोर्ड तसाच आहे. गॅरंटीचं तर विचारूच नका, पेपर जातो संपादकाकडे, तिथून दोन-तीन अनोळखी रिव्ह्यूअरकडे, ते कोण हे आपल्याला पण कळत नाही, मग हे गॅरंटी कोणाच्या भरवशावर देऊन राहिले? गॅरंटीनं जिथं लागतो ते जर्नल नसते, रसीद बुक असते. भाऊंनी मला पण हळूच विचारलं की मॅडम, एखादं नाव टाकायचं आहे का को-ऑथरमध्ये, पार्टी आहे एक. मी नाही म्हटलं, त्यांनी परत विषय काढला नाही. या एका प्रश्नासाठी मी पूर्ण एक स्टार कापला आहे, आणि कोणाला तो जास्त वाटत असेल तर वाटू द्या.

सबमिशन पण ते करून देतात, त्याचे वेगळे पैसे. हे घेऊ नका असं सांगेन, निदान पूर्ण नका घेऊ. एडिटोरियल मॅनेजर असो की स्कॉलरवन, जवळजवळ सगळ्या मोठ्या जर्नलचं काम या नाहीतर असल्याच सिस्टिमवर चालते आणि एकदा स्वतः केलं की भीती जाते. दुकानाची पद्धत अशी की करस्पॉन्डिंग ऑथरचा (जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्याचा) ईमेल ते स्वतः नवीन बनवतात, पासवर्ड त्यांच्या वहीत. म्हणजे रिव्ह्यू आला, गॅली प्रूफ (छापायच्या आधीची तपासायची प्रत) आलं, सगळं त्यांच्याकडे, तुम्ही विचारत बसा. मी म्हटलं ईमेल माझाच, ऑर्किडचा सोळा आकडी नंबर (संशोधकाचा ओळख नंबर) पण माझाच, मी टाइप करते, तुम्ही फक्त फाइल चढवायला मदत करा. भाऊंनी खुर्ची दिली, चहा पण सांगितला.

फाइल चढवताना ते कामाचे आहेत. कोणती फाइल कोणत्या खान्यात जाते, टायटल पेज वेगळं काहून, सप्लिमेंटरी कुठं, शेवटी सिस्टिम सगळं जोडून जी पीडीएफ बनवते ती उघडून पाहिल्याशिवाय अ‍ॅप्रूव्ह दाबायचं नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. ती पीडीएफ उघडली तर एक आकृती कोरी आलेली, टिफची काहीतरी लेयरची भानगड, भाऊंनी तिथल्या तिथं सपाट करून परत चढवली. ही असली गोष्ट मला घरी बसून कळली नसती.

पण कव्हर लेटर त्यांच्याकडून घेऊ नका. त्यांच्याकडे एकच मजकूर आहे, रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट, काइंडली पब्लिश अँड ओब्लाइज. माझ्या जर्नलच्या मुख्य संपादक बाई आहेत, वेबसाइटवर फोटोसकट नाव आहे. कव्हर लेटर म्हणजे शाळेतला सुट्टीचा अर्ज नाही, चार ओळीत नवीन काय सापडलं आणि ते याच जर्नलच्या वाचकांना काहून पाहिजे एवढं लिहायचं असते.

सुचवलेले रिव्ह्यूअर हा खाना पण स्वतः भरा. दुकानात एक तयार यादी आहे, सगळ्या विषयांना तीच नावं, जीमेलचे पत्ते. खोट्या ईमेलवरून स्वतःच्याच पेपरचे रिव्ह्यू लिहून घेतल्याची प्रकरणं जगभर झाली आणि त्यात पेपर मागं घ्यावे लागले, म्हणून संपादक आता जीमेलचा पत्ता दिसला की सावध होतात. ज्यांचं काम तुम्ही खरंच वाचलं आहे, जे तुमच्या संस्थेतले नाहीत, ज्यांच्यासोबत अलीकडे पेपर नाही, अशांचे संस्थेचे पत्ते टाका.

अजून दोन गोष्टी ज्या दुकान विचारतच नाही आणि जर्नल विचारतेच. एक, व्हाउचर स्पेसिमेन कुठं ठेवलं. किडा ओळखला कोणी आणि उद्या कोणाला शंका आली तर नमुना पाहायला मिळेल का, हे लिहावं लागते. आपल्याकडे दिल्लीचं नॅशनल पुसा कलेक्शन आहे, बंगळुरूची कीटकांची राष्ट्रीय संस्था एनबीएआयआर आहे, कोलकात्याचं झेडएसआय, म्हणजे झूलॉजिकल सर्व्हे, आहे, नमुने अल्कोहोलमध्ये घालून लेबल लावून आधीच ठेवून द्या, पेपर लिहायला बसल्यावर नवती पण नसते आणि किडे पण नसतात. ओळखीसाठी नमुने परदेशात पाठवायचा विचार असेल तर जैवविविधता कायदा २००२ चा आहे, परवानगीशिवाय पार्सल करू नका. दोन, कच्चा डेटा. झेनोडो, ड्रायड नाहीतर फिगशेअर असल्या डेटा ठेवायच्या साइटवर टाकून त्याचा डीओआय द्या असं आता जर्नल सांगतात, आणि डीएनए बारकोड केला असेल तर जेनबँक या डीएनए डेटाबेसचा नंबर. नवीन प्रजातीचं वर्णन असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या नोंदवहीत नोंदणी पण, २०१२ पासून फक्त ऑनलाइन छापलेल्या नावाला ती नसेल तर नाव वैधच धरत नाहीत, माझं ते काम नव्हतं पण कोणाचं असेल तर लक्षात ठेवा.

वाचायला जुने पेपर मिळत नाहीत म्हणून दुकानातून डाउनलोड करून घेणारे पण पाहिले, पेपरमागे पैसे. सरकारी संस्थेत असाल तर वन नेशन वन सबस्क्रिप्शन १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे, तेरा हजारांवर जर्नल आहेत त्यात, लायब्ररीत जाऊन लॉगिन विचारा, फुकट आहे.

निकाल काय लागला ते सांगते. डेस्क रिजेक्ट, म्हणजे संपादकाकडूनच परत, नाही झाला, रिव्ह्यूला गेला, आणि मेजर रिव्हिजन आली. फॉरमॅटवर दोघा रिव्ह्यूअरनी एक शब्द नाही काढला, हे भाऊंचं श्रेय, पूर्ण द्यायला पाहिजे. पहिल्याचे सगळे प्रश्न मोजणीच्या मॉडेलवर आणि बागांमध्ये फवारणी कधी झाली होती त्याच्यावर, ते योग्यच आहेत. दुसऱ्याला टॅमारिक्सियाच्या परजीवीकरणाची टक्केवारी कशी काढली ते नीट लिहून पाहिजे, म्हणजे ममी (परजीवीनं मारलेली वाळकी पिल्लं) मोजल्या की पिल्लं ठेवून प्रौढ निघायची वाट पाहिली. उत्तराचं पत्र मीच लिहून राहिली आहे, प्रत्येक मुद्दा उतरवून, खाली उत्तर, आणि कोणत्या ओळीत बदल केला तो नंबर, तेव्हा कुठं कळलं की ते सलग लाइन नंबर किती कामाचे असतात.

फोटोची प्लेट परत बनवायची आहे. ती मी इमेजजे या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः करून नेणार, भाऊंना फक्त टिफ करायला देणार. जायचं असेल तर सकाळी जा, दुपारनंतर झेरॉक्सवाल्यांची गर्दी असते आणि भाऊ काउंटरवर अडकतात. थिसिस जमा करायच्या सीझनमध्ये तर पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा फॉरमॅटिंग तो आतला मुलगा करते, भाऊ नाही, आणि त्यानं केलेल्या फाइलमध्ये म्यू परत एकदा तपासून घ्या. गाडी गल्लीत लावू नका, उचलून नेतात.